साप सरकारचा, पेट्रोल त्याचे

कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत रक्षाविसर्जनाच्या सकाळी मला निदान दहा जणांनी एकच प्रश्न विचारला, "कुठला चावला?" नाग की घोणस, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते, साप चावूनच तो गेला असणार, याविषयी कुणालाही शंका नव्हती. सत्तावीस वर्षे साप पकडणाऱ्या माणसाचे मरण सापाच्याच दातात असते, असे आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. प्रत्यक्षात माझा मित्र उसाच्या ट्रॉलीवर आदळून गेला. करवीर तालुक्यातल्या एका वस्तीवर, शेजारच्या फडात तोडणी सुरू असताना गोठ्यातल्या वैरणीत शिरलेली घोणस त्याने बाहेर काढली, ओढ्याच्या काठाला सोडली आणि रात्री दीडच्या सुमारास तो घरी परतत होता. वाटेत उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता आणि रिफ्लेक्टरही नव्हता. सकाळी सातला त्याला कामावर हजर व्हायचे होते.

त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते छापून आलेले त्याला कधीच आवडले नाही. एकदा एका दिवाळी अंकासाठी मी त्याच्यावर लिहायला घेतले होते, तेव्हा त्यानेच मला थांबवले. "नाव छापलंस की फोन वाढतात, आणि फोटो छापलास की पोरं हातानं साप धरायला लागतात," असे तो म्हणाला होता. तो हयात नसताना त्याच्या या म्हणण्याबाहेर जाण्याचे मला कारण दिसत नाही.

मृत्युलेखात माणसाचा देव करण्याची आपली रीत आहे आणि ती फार सोयीची आहे, कारण देवाला पगार द्यावा लागत नाही. तो गेल्यावर जी भाषणे झाली, जे फलक चौकात लागले, त्यांत 'निःस्वार्थ सेवा', 'मुक्या जीवांचा कैवारी', 'वन्यजीवांसाठी वाहिलेले आयुष्य' हे शब्द पुन्हा पुन्हा आले. त्यांत खोटे काही नव्हते. तरीही मला त्या शब्दांचा राग आला आणि त्या रागाचे कारण शोधताना हा लेख झाला. माझे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाच्या वस्तीत शिरलेला वन्यप्राणी सुखरूप बाहेर काढणे हे आग विझवण्यासारखेच सार्वजनिक काम आहे. ते करणाऱ्याला त्याच्या हजेरीचा पगार मिळाला पाहिजे, आणि तो पगार पकडलेल्या प्राण्यांच्या संख्येवर अजिबात ठरता कामा नये. यातला शेवटचा भाग वाचकाला किरकोळ वाटेल. माझ्या मित्राने आयुष्याची शेवटची दहा वर्षे नेमकी त्याच भागात घालवली.

आधी कायद्याचे पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच प्राणी पकडणे येते, म्हणजे परवानगीशिवाय नाग पकडणे हीदेखील कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. आणि असा पकडलेला प्राणी कलम ३९ प्रमाणे राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणजे रात्री अकरा वाजता एखाद्याच्या न्हाणीघरात शिरलेला नाग माझ्या मित्राने पिशवीत घेतला, की पिशवीतला ऐवज सरकारचा, पिशवी आणि मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, आणि नाक्यावर पोलिसांनी अडवले तर खुलासा करण्याची जबाबदारीही त्याचीच. वन विभागाला कळवून, नोंद करून तो हे काम करत असे, त्यामुळे अडचण कधी फारशी वाढली नाही. पण जे काम सरकारने करायचे ते एका लेथ कामगाराने सरकारच्या सवलतीने करावे, ही मांडणीच मुळात उलटी आहे. प्राण्यांचे रक्षण राज्याने करावे असे संविधानाचे अनुच्छेद ४८ अ सांगते, आणि सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य असल्याचे ५१ अ मध्ये म्हटले आहे. दोन्ही तरतुदी १९७६ च्या एकाच घटनादुरुस्तीने आल्या. आपण मात्र सोयीने नागरिकाचे कर्तव्य पुढे केले आणि राज्याचे मागे ठेवले.

तो शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करत असे. साप हाताळायचे हूक तो स्वतः बनवायचा. सळई तापवून वाकवायचा, टोक घासून घासून इतके गोल करायचा, की सापाच्या खवल्याला ओरखडा उठू नये. रात्री दोन-तीन फोन झाले की सकाळची पाळी चुकायची आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. लोक नारळ द्यायचे, चहा द्यायचे, कधी पन्नासाची नोट पुढे करायचे, आणि बहुतेक जण हात जोडून म्हणायचे, "देवाचं काम करताय." यावर वहिनींचे उत्तर मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकले आणि ते अजून विसरलेलो नाही. भाकरी थापता थापता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "देवाचं काम देवानं करावं की. पेट्रोल आमचं कशाला?" सार्वजनिक खर्चाची विभागणी कशी चुकली आहे, हे इतक्या कमी शब्दांत सांगणारा अर्थतज्ज्ञ माझ्या वाचनात नाही.

'सर्पमित्र' हा शब्दही मला अलीकडे खटकू लागला आहे. तो आला तेव्हा त्याची गरज होती, कारण दिसेल तो साप ठेचायचा, हीच त्या वेळी रीत होती, आणि सापाशी मैत्री शक्य आहे हे कुणीतरी दाखवणे भाग होते. पण मित्र म्हटले की मोबदला संपतो. विजेच्या तारेवर चढणाऱ्याला आपण वीजमित्र म्हणत नाही, वायरमन म्हणतो, आणि म्हणूनच त्याला हातमोजे, शिडी आणि महिन्याचा पगार मिळतो.

२०२५ मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाख रुपयांचा अपघात विमा देण्याचे जाहीर केले. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. माझ्या मित्रानेही केले होते, जरा हसून. परंतु विमा हा मरण आल्यावर घरच्यांच्या हाती पडणारा पैसा आहे आणि माणूस रोज रात्री बाहेर पडतो तो जिवंतपणी. शिवाय या कामातला धोका केवळ विषाचा आहे, हे त्यामागचे गृहीतकच अपुरे आहे. अपुरी झोप, पावसातला रस्ता, उघडे गटार, अर्धवट पडलेल्या घराची भिंत, काळोख्या शिवारातली विहीर आणि दिवा नसलेली ट्रॉली, हे सगळे या कामाचेच धोके आहेत. साप हा त्यांतला एक, आणि अनुभवी माणसासाठी बहुधा सर्वांत कमी लहरी.

आता पगार प्राण्यांच्या संख्येवर ठरू नये, या शेवटच्या भागाकडे येतो. त्याच्या वह्या माझ्याकडे आहेत, म्हणजे वहिनींनी वाचायला दिल्या आहेत. शंभर पानी, कव्हरवर तेलाचे डाग पडलेल्या. प्रत्येक पानावर पट्टीने रकाने आखलेले: तारीख, वेळ, गाव किंवा गल्ली, नेमकी जागा, जात, कुठे सोडला. जागेच्या रकान्यात 'शेणीचा हुडवा', 'गुऱ्हाळाचे चिपाड', 'फ्रीजच्या मागे', 'बंद पडलेली मोटार', 'परडे, आंब्याखाली' असे लिहिलेले असते. पहिल्या वह्यांत एवढेच रकाने आहेत. पुढे कधीतरी त्याने शेवटी एक अरुंद रकाना वाढवला आणि त्याला मथळा दिला 'राहू दिला'. सुरुवातीला त्यात महिन्यातून एखादी खूण दिसते. शेवटच्या तीन-चार वह्यांत पानेच्या पाने त्या खुणांनी भरलेली आहेत.

म्हणजे त्याने साप पकडणे कमी केले होते. फोन आला की तो आधी फोटो मागायचा. परसात दिसलेली धामण असेल तर सांगायचा, "बिनविषारी आहे. पोरांना आत घ्या, कुत्रं बांधा, पाच पावलं लांब थांबा. उंदीर खायला आलीय, तिचं काम झालं की जाईल." धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते, ही समजूत आजही गोठ्या-गोठ्यांत आहे, ती खोडून काढायला त्याला साप पकडण्यापेक्षा जास्त वेळ लागे. घरात शिरलेला कवड्या असेल आणि घरचे त्याला मण्यार समजून घाबरले असतील, तर तो पट्टे कुठून सुरू होतात ते पाहायला सांगे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात; मण्यारीची मान कोरी असते आणि पांढऱ्या रेषांच्या जोड्या मागे मागे ठसठशीत होतात. अर्थात फोटो अंधुक असेल, कुणी जमिनीवर झोपणारे असेल किंवा शंका वाटली, तर तो गाडी काढायचाच. पण गरज नसताना साप उचलणे म्हणजे त्या सापाला शिक्षा आणि त्या घराला खोटी निश्चिंती, असे त्याचे मत झाले होते.

या मताला आधार होता. साप आपल्या परिसरातली बिळे, पाणी, भक्ष्य मिळण्याच्या जागा ओळखून राहतो. त्याला उचलून वीस-पंचवीस किलोमीटरवर 'जंगलात' सोडला की तो दिशाहीन भटकतो, उघड्यावर येतो, रस्त्यावर चिरडतो किंवा उपासमारीने मरतो. दूर सोडलेल्या सापांवर रेडिओ ट्रान्समीटर लावून झालेल्या अनेक अभ्यासांत असे भटकणे आणि जास्त मरतूक दिसून आली आहे. लोक मात्र आग्रह धरतात, "दाजीपूरला नेऊन सोडा." दाजीपूर हे १९५८ पासूनचे अभयारण्य, गव्यांसाठी प्रसिद्ध, तिथल्या जंगलाला शहरातल्या नागांची काही गरज नाही. माझा मित्र साप पकडलेल्या जागेच्या शक्य तितका जवळ, ओढ्याकाठी किंवा बांधाच्या दगडांत सोडायचा, आणि त्यासाठी शिव्याही खायचा. "परत येईल की ओ," असे कुणी म्हटले तर तो शांतपणे म्हणायचा, "तो इथलाच आहे. तुम्ही नंतर आलाय."

आणि पकडायची वेळ आलीच तर त्याची पद्धत बघणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल अशी होती. प्लंबरकडून आणलेला हातभर पीव्हीसी पाइप, त्याच्या मागच्या तोंडाला घट्ट बांधलेली काळ्या कापडाची लांब पिशवी. ती वहिनी जुन्या परकराच्या कापडाची शिवून देत. पाइपचे तोंड भिंतीच्या कडेला टेकवायचे, हुकाने सापाला अगदी हलके तिकडे वळवायचे आणि थांबायचे. घाबरलेल्या सापाला अंधारे भोक हवे असते. तो आपणहून आत जातो. कधी तीन मिनिटे लागत, कधी अर्धा तास. शेपटी धरून उचलणे नाही, फणा काढायला लावणे नाही, गळ्यात घालणे तर नाहीच. शेजारच्या गल्लीतला एक तरुण मोबाइल उंच धरून उभा होता आणि नाग पाइपमध्ये निघून गेल्यावर निराश होऊन म्हणाला, "काय भावा, एवढंच?" मित्राने पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला, "एवढंच असतंय."

म्हणूनच मला सापामागे पैसे देण्याची कल्पना घातक वाटते. गावोगावी ती अनधिकृतपणे रुजतेच आहे. कुणी पाचशे सांगतो, कुणी हजार. मोबदला सापावर ठरला की फोनवर समजावून साप राहू देणारा माणूस त्या दिवशी उपाशी राहतो आणि निरुपद्रवी दिवड उचलून 'महाविषारी' म्हणून दाखवणारा कमावतो. माझ्या मित्राचे सर्वोत्तम काम 'राहू दिला' या रकान्यात आहे, आणि सापामागे दर लावला तर नेमक्या त्याच कामाची किंमत शून्य होते. अग्निशमन दलाच्या जवानाला आपण विझवलेल्या आगींच्या हिशोबाने पगार देत नाही. वर्षभर आग लागली नाही तर कुणी त्याच्यावर चिडत नाही.

पगार दिल्याने सेवाभाव संपेल, हा आक्षेप मी पुष्कळ सज्जनांकडून ऐकला आहे, आणि गमतीची गोष्ट म्हणजे तो घेणारे सर्व जण स्वतः पगारदार किंवा पेन्शनर आहेत. परिचारिका पगार घेते म्हणून तिची माया आटत नाही. यापेक्षा वजनदार आक्षेप निराळा आहे, तो असा की साप पकडणारे हे बहुतांशी स्वतःच्या थरारासाठी पकडतात आणि त्यांच्या हौसेचा खर्च समाजाने का सोसावा. यात तथ्य आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझा मित्रच सांगत असे, "पहिली पाच वर्षं मी सापासाठी साप धरत नव्हतो, माझ्यासाठी धरत होतो." त्याच काळात त्याला नाग चावला. सीपीआर या सरकारी रुग्णालयात वेळेत प्रतिविष मिळाले म्हणून तो वाचला, आणि वाचल्यावर अनेकांनी त्याला सांगितले की आता तुझ्या अंगात विष मुरले, आता भीती नाही. वस्तुस्थिती याच्या उलट असते. सापाच्या विषाशी वारंवार संबंध आलेल्यांना त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, आणि प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होत असल्याने ते दुसऱ्यांदा घेताना त्याचीही रिॲक्शन येण्याचा धोका असतो. म्हणजे दुसरा दंश पहिल्यापेक्षा सोपा न होता अवघड होऊ शकतो. हे कळल्यावर त्याने पाइप आणि पिशवी घेतली. हे त्याला स्वतःच्या देहावर शिकावे लागले. प्रशिक्षणाची व्यवस्था असती तर पहिल्या आठवड्यात शिकता आले असते. थरार ओसरून त्याचे कसबात रूपांतर व्हायला शिस्त लागते, आणि ज्याला आपण काहीच देत नाही त्याच्याकडे शिस्त मागण्याचा अधिकारही आपल्याला राहत नाही. व्हिडिओसाठी नागाचे चुंबन घेणाऱ्या पोराला कुणाच्या अधिकाराने थांबवणार? त्याचा परवाना रद्द करावा तर परवाना नाही, निलंबित करावे तर नेमणूक नाही.

केरळात हे झालेले आहे. तिथल्या वन विभागाने २०२० मध्ये साप हाताळण्याची नियमावली केली, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राशिवाय कुणी साप पकडू नये असे ठरवले आणि 'सर्पा' नावाचे ॲप आणले, ज्यातून जवळचा प्रमाणित माणूस शोधता येतो. तमिळनाडूत त्याच्याही कितीतरी आधी, १९७८ मध्ये, इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सापाच्या कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्याने ज्यांचे पोट तुटले होते तेच लोक आता साप पकडतात, विष काढतात, साप पुन्हा सोडून देतात, आणि त्या विषावर देशातले प्रतिविष मोठ्या प्रमाणात तयार होते. त्यांच्यातल्या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सहकाराचे माहेरघर म्हणून मिरवणाऱ्या आपल्या भागाला हे उदाहरण थोडे झोंबायला हवे. आपल्याकडे सापगारुडी समाज होता आणि आहे. टोपली, पुंगी घेऊन फिरणे कायद्याने बंद झाले ते योग्यच झाले, कारण त्या टोपलीतल्या नागाचे दात काढलेले असत, तोंड शिवलेले असे. पण त्या लोकांच्या हातातले ज्ञान आपण कुठल्या कामाला लावले? त्यांना गुन्हेगार ठरवले आणि त्यांची जागा कॅमेरावाल्या तरुणांना मोकळी करून दिली. माझ्या मित्राचा पहिला गुरू असाच एक म्हातारा गारुडी होता, आणि ही गोष्ट तो भाषणात कधी सांगत नसला तरी मला त्याने दोनदा सांगितली होती.

हे सगळे सापांच्या प्रेमापोटी चालले आहे असे कुणाला वाटत असेल तर माणसांचा हिशोब मांडतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, बहुतेक खेड्यातली, आणि त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठायचे तर कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, कोणता साप निघतो हे ठाऊक हवे. ती माहिती कोल्हापूर परिसरापुरती एका लोखंडी ट्रंकेत, तेलाचे डाग पडलेल्या वह्यांत आहे. चाळीस-पन्नास पाने चाळली तरी दिसते की त्याच त्या गल्ल्या दर पावसाळ्यात पुन्हा येतात. जिथे कचऱ्याचा कोंडाळा आहे तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे नाग. सत्तावीस वर्षांत एकाही कार्यालयाने त्याला या वह्या मागितल्या नाहीत.

ऊसतोडीचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. बीडकडून येणारी कुटुंबे कारखान्याच्या आवारात किंवा माळावर खोपी घालून राहतात, जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, तिचे दात बारीक, चावल्याचे अनेकदा कळतही नाही. ना सूज, ना फारशी वेदना. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि वाड्यावरून दवाखाना गाठेपर्यंत श्वास थांबायची वेळ येते. मित्र दर हंगामात, स्वतःच्या रजा घालवून, अशा खोप्यांवर जाऊन सांगत असे की खाट नसेल तर निदान मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर जाऊ नका, चावलेला भाग कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हे काम कुणाचे होते? ज्यांच्या गाळपासाठी ही माणसे येतात त्या साखर उद्योगाने हंगामापुरता या सेवेचा खर्च उचलावा, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. आणि ट्रॉलीला मागे दिवा लावावा ही तर नाहीच नाही.

महापुराची आठवण वेगळी. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच ओलांडून ५५ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा चिखली-आंबेवाडीच्या बाजूला झाडांच्या फांद्यांवर माणसांच्या आधी साप पोहोचले होते. पाणी ओसरल्यावर खरी कसोटी लागली. गाळ भरलेल्या घरांत, कपाटांत, भांड्यांच्या मांडणीखाली साप बसलेले, आणि घर साफ करायला बायका अनवाणी आत शिरलेल्या. तो त्या आठवड्यात सलग कामावर गेला नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत बोटी असतात, दोर असतात, लाइफ जॅकेटे असतात. साप हाताळणारा माणूस त्या यादीत पदनामासह असायला हवा.

साप सोडून इतर प्राण्यांचे काम त्याने केले, पण तिथे त्याची भूमिका आणखीच न दिसणारी होती. २०२१ च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीपर्यंत आले आणि गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला, त्या दिवसांत तो रस्त्यावर उभा राहून केवळ गर्दी मागे रेटत होता. "गव्याला हाकायचं नसतंय, माणसांना हाकायचं असतंय," असे म्हणायचा. त्याच्या डोळ्यापुढे कोथरूड होते. २०२० मध्ये पुण्यात वाट चुकलेल्या गव्यामागे गर्दी धावली, तो गल्लीबोळांतून पळत राहिला, शेवटी बेशुद्धीचे इंजेक्शन दिल्यावर मेला. गव्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वन विभागाकडून भरपाई मिळते. भरपाईच्या त्या यादीत साप नाही. शेतकरी सर्पदंशाने गेला तर अपघात अनुदान योजनेतून वारसाला दोन लाख मिळतात, शेतमजुराच्या घरी मात्र सातबारा नसतो.

नांदणी मठाची महादेवी हत्तीण २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुजरातला नेली तेव्हा हा जिल्हा रस्त्यावर उतरला होता. त्या वादाच्या तपशिलात मी शिरत नाही. एवढेच दिसले, की आपल्याला एखाद्या प्राण्याविषयी मनापासून वाटले तर आपण सरकारला जागेवर आणू शकतो. मग बारा तालुक्यांना प्रत्येकी चार प्रशिक्षित माणसे, पाळी लावून, ठरलेल्या पगारावर, गमबूट, बॅटरी आणि गाडीसह, एवढे मागायला काय हरकत आहे? अठ्ठेचाळीस पगार होतात. नेमणूक वन विभागाची, खर्चात महापालिका, जिल्हा परिषद आणि कारखान्यांचा वाटा, प्रत्येक फोनची नोंद, आणि त्या नोंदीत 'राहू दिला' हा रकाना छापील.

यंदा जूनच्या पहिल्या पावसात आमच्याच बोळात, जिन्याखालच्या जळणात घोणस निघाली. कुकरच्या शिट्टीसारखा तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. मी सवयीने त्याचा नंबर लावला आणि पहिली रिंग जाण्याआधी बंद केला. मग कुणाकडून तरी दुसरा नंबर मिळाला. वीस मिनिटांत दोन पोरे आली, एकोणीस-वीस वर्षांची, एकाच्या हातात मोबाइल. दुसऱ्याच्या हातात हूक होता, पायांत स्लिपर होत्या. मी गमबुटाचे विचारले तर तो म्हणाला, "घेणार आहे काका, पुढच्या महिन्यात." त्याने घोणस प्लॅस्टिकच्या बरणीत घेतली, शेपटी धरून, आणि ती एकदा वळली तेव्हा मी डोळे मिटले. काम झाल्यावर मी माझ्या मित्राचे नाव सांगितले. त्याने ते ऐकलेले होते. "त्यांचे व्हिडिओ कुठं बघायला मिळतील?" असे विचारले. मी म्हणालो व्हिडिओ नाहीत, वह्या आहेत, येऊन बघ. तो 'हो' म्हणाला, गाडीवर बसला, आणि मग जरा संकोचून मागे वळला.

"पेट्रोलचं तेवढं बघा की, काका."

मी खिशातून दोनशे रुपये काढून दिले.